मिनिएचरवरचा पांढरा पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा

“अण्णा, लाल बसतोय, निळा बसतोय, पांढरा काही बसंनाच की!” बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात जी मंडळी मिनिएचर, म्हणजे छोट्या आकृत्या, रंगवतात त्यांच्याकडून हीच तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि दर पावसाळ्यात ती नव्याने येते. 28 मिलिमीटर उंचीचा मावळा असो, युद्धखेळाच्या पटावरचा घोडेस्वार असो किंवा दिवाळीच्या किल्ल्यावर उभा करायचा मातीचा पहारेकरी, अंगरखा पांढरा करायला घेतला की कुणाचा पट्ट्यापट्ट्यांचा होतो, कुणाचा खरखरीत, तर कुणाचा इतका सपाट की कापडाच्या चुण्या कुठे गेल्या ते कळत नाही. मग आणखी एक जाड हात मारला जातो आणि होता तो तपशीलही बुजतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पांढरा दिसायला हवा असेल तर पांढरा कमीत कमी लावायचा. आकृतीवर जो भाग बघणारा पांढरा म्हणून ओळखतो, त्यातला बराचसा भाग प्रत्यक्षात फिकट राखाडी किंवा हस्तिदंती रंगवलेला असतो. बाटलीतला शुद्ध पांढरा फक्त जिथे उजेड थेट पडतो तेवढ्यापुरता. हे पटलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या बहुतेक हवेमुळे येतात, आणि आपल्या सीमाभागात पश्चिमेची हवा एक नि पूर्वेची दुसरी.

आधी बिघाड ओळखा

घाईघाईने उपाय करू नका, कारण एका बिघाडाचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देतो. खरखर आली म्हणून पाणी वाढवलं की पट्टे येतात, पट्टे आले म्हणून रंग घट्ट केला की खरखर येते. आकृती दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरा, उजेड समोरून नव्हे तर बाजूने पडेल अशी, आणि हळूहळू फिरवा.

पृष्ठभाग गुळगुळीत आहे पण खालचा रंग डोकावतोय, तर दोष अस्तराचा (रंगाआधी लावायच्या प्रायमरचा) किंवा रंगाच्या पातळपणाचा. कण वर आलेत आणि नख फिरवल्यावर खरखर लागते, तर स्प्रे मारताना हवा चुकली, किंवा बाटली नीट हलवली नव्हती, किंवा अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरला. रंग एकसारखा बसलाय, झाकतोही आहे, पण आकृती निर्जीव वाटते, तर सावल्याच घातलेल्या नाहीत. काल चांगला होता नि आज धुरकट झालाय, तर वार्निश बघा. बोटाला पांढरं लागतंय, तर रंगातला बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट घटक, कमी पडलाय किंवा खालच्या मातीने शोषून घेतलाय. कपाटातून काढल्यावर पिवळट दिसतोय, तर बहुधा तो ऑइल पेंट आहे.

रात्री पिवळ्या दिव्याखाली रंगवत असाल तर आधी दिवा बदला. पिवळ्या उजेडात हस्तिदंती आणि पांढरा यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि सकाळी बघितलं की धक्का बसतो. 5000 ते 6500 केल्विनचा पांढरा एलईडी, शक्यतो सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 किंवा त्याहून जास्त असलेला, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी खर्च आहे असं मी मानतो.

बाटलीत काय असतं

आजच्या पांढऱ्या रंगात रंगद्रव्य असतं ते टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) सुमारे 2.7, तर ज्या अॅक्रिलिक बाइंडरमध्ये ते कण बसलेले असतात त्याचा सुमारे 1.5. या दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढा प्रकाश जास्त विखुरतो आणि तेवढा रंग खालचं झाकतो. काळा रंग प्रकाश शोषून झाकतो. पांढऱ्याला तो परत फेकावा लागतो आणि त्यासाठी थराला काही एक जाडी लागते. म्हणून एका पातळ हातात काळा बसतो आणि पांढरा बसत नाही. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

मग पाणी जास्त घातल्यावर काय होतं? भिंतीला चुना मारताना बघा: ओला असेपर्यंत खालची भिंत दिसत राहते, वाळला की पांढरीशुभ्र. कणांमधलं पाणी उडून तिथे हवा शिरते आणि प्रकाश विखुरायला लागतो. आपल्या रंगात बेताबाहेर पाणी ओतलं की तसंच घडतं. बाइंडर अपुरा पडतो, कणांमध्ये पोकळ्या राहतात, आणि वाळलेला थर पांढरा तर दिसतो पण भुकटीचा, बोटाने निघणारा. म्हणून पांढरा पातळ करताना नुसतं पाणी वापरू नका. निम्मं पाणी नि निम्मं मॅट मीडियम असं मिश्रण करून ठेवा. मीडियम म्हणजे रंगद्रव्य नसलेला बाइंडरच. त्याने रंग पातळ होतो पण थर कच्चा राहत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून थोडी जास्त आहे, त्यामुळे ठेवलेल्या बाटलीत तो तळाशी बसतो आणि वर नुसतं दुधट पाणी राहतं. ड्रॉपर बाटलीतून पहिले थेंब पडतात ते याच पाण्याचे. “पांढरा झाकतच नाही” म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना सांगायचं ते एवढंच: बाटली उलटी करून ठेवा, मग दोन मिनिटं दणदणीत हलवा. आत एक-दोन छर्रे टाकले तर काम सोपं होतं. पण सायकलच्या दुकानातले साधे छर्रे टाकू नका, ते गंजतात आणि पांढऱ्यात तपकिरी झाक येते. बेळगावच्या उद्यमबागेत बेअरिंगचा माल ठेवणारी दुकानं आहेत, तिथे स्टेनलेसचे 4-5 मिलिमीटरचे छर्रे मागा. 316 ग्रेड मिळाला तर उत्तम.

मिनिएचरचे खास रंग मागवणं परवडत नसेल तर चित्रकलेच्या दुकानातली अॅक्रिलिकची ट्यूब चालते, मात्र पाठीमागे पीडब्ल्यू 6 लिहिलेलं असलं पाहिजे. ते टायटॅनियम. पीडब्ल्यू 4 म्हणजे झिंक व्हाइट, तो मुळातच पारदर्शक आहे. चित्रकाराला छटा चढवायला तो हवा असतो, आपल्याला नको. काही ट्यूबांत दोन्ही मिसळलेले असतात. पोस्टर कलर मात्र मिनिएचरवर अजिबात नको, कारण दुसरा हात देताना पहिला पुन्हा विरघळतो.

अस्तर: काळं नको, पांढरंही नको

काळ्या अस्तरावरून पांढऱ्यापर्यंत पोचायला पाच-सहा पातळ हात सहज लागतात, आणि एवढ्या थरांत अंगरख्याच्या गाठी, पगडीचे पेच, सगळं मऊ होऊन जातं. म्हणून पुष्कळ जण थेट पांढरं अस्तर मारतात. मला तेही पटत नाही. पांढऱ्या अस्तरावर खोलगट जागा दिसत नाहीत, कुठे रंग लागला नि कुठे राहिला हे समजत नाही, आणि सावल्या शून्यातून घालाव्या लागतात.

फिकट राखाडी किंवा हस्तिदंती अस्तर घ्या. 2019 मध्ये सिटाडेल या मिनिएचर रंगांच्या ब्रँडने एकाच हातात सावली-उजेड देणारे कॉन्ट्रास्ट रंग आणले तेव्हा त्यांच्याखाली लावायला दोन अस्तरं आणली, रेथबोन आणि ग्रे सीअर. पहिलं उबदार हस्तिदंती, दुसरं थंड फिकट राखाडी. ज्या रंगांना खालून उजळ पाया लागतो त्यांच्यासाठीही शुद्ध पांढरं अस्तर पुढे केलं नाही, यातून काय ते समजून घ्या.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र) असेल तर आधी सगळीकडून मध्यम राखाडी, मग फक्त वरून, उजेड जिकडून येतोय असं मानलंय तिकडून, फिकट राखाडी. खांदे, पगडी, गुडघे आपोआप उजळतात. काखा नि घोळाखालचा भाग गडद राहतो. अर्धं काम तिथेच झालं.

आणि अस्तराच्याही आधी: रेझिनच्या थ्री-डी प्रिंट केलेल्या आकृत्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण क्युअर करून, म्हणजे अतिनील उजेडात पक्क्या करून घ्या. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतील तर साबणाच्या कोमट पाण्याने नि जुन्या टूथब्रशने घासा. साच्याचं तेल राहिलं की कुठलाच रंग धरत नाही, पण पांढऱ्यावर ते सर्वांत आधी दिसतं.

खानापूरचा पाऊस, अथणीचं ऊन

इथे आपल्या भागाची खरी गोम आहे. परदेशातले व्हिडिओ बघून शिकताना हीच बाजू सुटते.

जून ते सप्टेंबर बेळगाव शहरात, आणि त्याहून जास्त जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, हवा दिवसेंदिवस ओली असते. स्प्रेच्या डब्यातून रंग बाहेर पडतो तेव्हा त्यातला द्रव झपाट्याने उडतो आणि पृष्ठभाग थंड होतो. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाण्याचे सूक्ष्म थेंब धरतात आणि वाळणाऱ्या थरात अडकतात. परिणाम: धुरकट, पिठूळ थर, आणि त्यावर मारलेला पांढरा कधीच नितळ बसत नाही. “पावसात स्प्रे मारूलालास, मग होणारच की,” हे उत्तर ऐकायला रुक्ष वाटतं, पण बरोबर आहे.

एक स्वस्तातला आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. 70 टक्क्यांच्या वर काटा असेल तर स्प्रेला हात लावू नका. उघडीप बघून दुपारी मारू म्हणणाऱ्यांनाही सांगतो, पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं नाही, आकडा बघा. पावसाळ्यात ब्रशने किंवा एअरब्रशने लावायचं पाण्यातलं पॉलियुरेथेन प्रायमर वापरा. पातळ दोन हात द्या, पहिल्यानंतर पूर्ण रात्र जाऊ द्या. वाळायला वेळ लागेल तेवढा लागू दे. ओल्या हवेत दुसरा हात घाईने दिला की खालचा थर ब्रशबरोबर उचलला जातो नि खड्डा पडतो, आणि तो खड्डा पांढऱ्यात लपत नाही.

आता उलटी बाजू. अथणी, रायबाग, कागवाडकडे एप्रिल-मे महिन्यांत स्प्रेमधला थेंब आकृतीपर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो आणि कण होऊन चिकटतो. हात फिरवला तर सँडपेपर. तिथे उपाय वेगळा: पहाटे किंवा सूर्योदयानंतर लगेच मारा, डबा 30 सेंटिमीटरऐवजी 20 सेंटिमीटरवर आणा, आणि लहान लहान झोत द्या. डबा उन्हात तापलेला नसावा. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर चालतो. शेगडीजवळ, गॅसजवळ कधीही नाही.

ब्रशकामातही हाच फरक आहे. उन्हाळ्यात पांढरा ब्रशच्या टोकावर वाळतो, आणि अर्धवट वाळलेला थर दुसऱ्या फटकाऱ्याने ओढला गेला की चर उमटतात. एकदा टेकवलेल्या जागी पुन्हा ब्रश नेऊ नका, पूर्ण वाळेपर्यंत थांबा. रंगात रिटार्डरचा, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा, अगदी थोडा अंश घाला आणि वेट पॅलेट वापरा. पसरट स्टीलचा डबा, त्यात ओला स्पंज किंवा टिश्यू, वरून बेकिंगचा कागद. इथे बटर पेपर म्हणून मिळणारा काही कागद मेणाचा असतो, त्यातून पाणी वर येत नाही, म्हणून बेकरीच्या सामानाच्या दुकानात बेकिंगचाच मागा. पावसाळ्यात मात्र पांढऱ्यासाठी हा पॅलेट वापरू नका. रंग तासाभरात नको तेवढा पातळ होतो. साधी चिनी मातीची बशी बरी.

बोअरचं पाणी जड असेल तर रंग पातळ करायला ते वापरू नका. वाळल्यावर क्षाराचे पांढुरके डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते. आणि पांढऱ्यासाठी ब्रश वेगळा, धुवायचं पाणी वेगळं. सोनेरी-चंदेरी रंगाचा ब्रश ज्या भांड्यात बुडवला त्यात पांढऱ्याचा ब्रश बुडवला तर चमकीचे कण अंगरख्यावर उतरतात आणि मग ते काढायला काही मार्ग राहत नाही.

खिल्लार बैल कुठल्या पांढऱ्याचा?

सपाट पांढऱ्यावरचा सगळ्यात चांगला धडा पुस्तकात नाही, आपल्या रस्त्यावर आहे. मराठा फौजेचा बाजारबुणगा पटावर मांडायचा म्हटलं की बैलगाड्या लागतात, आणि बैल म्हटले की या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खिल्लारच येतो. त्याला आपण पांढरा म्हणतो. नीट बघा. मान, वशिंड नि मागचे पुठ्ठे यांवर राखाडी झाक आहे, वळूमध्ये ती आणखी गडद. पाठीचा मधला भाग नि बरगड्या उजळ. नाकपुड्या, डोळ्यांभोवतीची कातडी नि खूर बऱ्याच बैलांत गडद. पांढराशुभ्र म्हणावा असा भाग पाठीच्या रेषेवर, बरगड्यांच्या उठावावर, कानांच्या कडेला, बस. लहान वासरू करायचं असेल तर त्याच्या टाळूवर तांबूस झाक असते, पुढे ती जाते. एवढी एक छटा घातली तरी बघणारा थांबतो.

हाच बैल नुसता पांढरा रंगवला तर खेळणं वाटतं. मग असं करा. उबदार मध्यम राखाडीचा पूर्ण हात. त्यात हस्तिदंती मिसळत मिसळत तीन पायऱ्या वर चढा, प्रत्येक पायरीला आधीपेक्षा कमी जागा व्यापा. मान-वशिंडाच्या भागात पहिल्या पायरीवरच थांबा. शेवटी शुद्ध पांढरा, तोही मीडियम घालून, फक्त पाठीच्या रेषेवर नि शिंगांच्या बुडाशी कातडीची घडी उठते तिथे. एकूण अंगाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त जागेला शुद्ध पांढरा लागला तर तो जास्त झाला असं समजा.

पांढऱ्या घोड्यालाही हाच नियम. आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो त्याची कातडी बहुतेक वेळा काळपट असते आणि केस वयाबरोबर पांढरे झालेले असतात. म्हणून तोंड, नाकपुड्या, सांधे इथे राखाडी उमटते. तिथे गुलाबी लावू नका.

कापडाची गोष्ट वेगळी. सुती धोतर नि अंगरखा उन्हात उभा असेल तर त्याच्या सावलीत आकाशाचा निळसरपणा उतरतो. म्हणून थंड राखाडी, त्यात निळ्याचा एखादाच अंश. पण खालच्या घोळाला जमिनीचा रंग लागतो. खानापूरकडची लाल माती बेसवर (आकृती उभी असते त्या बैठकीवर) केली असेल तर धोतराच्या काठाला तिचाच तांबूस पातळ हात द्या, गोकाक-अथणीकडची काळी जमीन केली असेल तर करडा. बेसचा रंग आधी ठरवा आणि मग पांढऱ्याची सावली, हा क्रम मी कधी सोडत नाही. लाल मातीवर निळसर सावलीचा पांढरा उठून दिसतो. काळ्या मातीवर हस्तिदंती सावलीचा बरा वाटतो. वारकऱ्याचा सदरा, मंदिराचा रंगवलेला कळस, म्हाताऱ्याची दाढी, प्रत्येकाचा पांढरा निराळा. एकाच आकृतीत सदरा थंड आणि दाढी उबदार ठेवली तर दोन्ही पांढरे असूनही वेगळे कळतात.

वॉशने घात होतो तो इथे

इतर रंगांवर तपकिरी किंवा काळा वॉश, म्हणजे फटीत उतरणारा अगदी पातळ रंग, सगळीकडे फासला तरी खपून जातं. पांढऱ्यावर तसं करू नका. वॉश वाळताना त्यातलं रंगद्रव्य डबक्याच्या कडेला ओढलं जातं आणि मधे-मधे पाण्याचे गोल डाग उमटतात. पांढऱ्यावर ते पुसताही येत नाहीत. त्यावर पुन्हा मधली छटा चढवणं एवढाच मार्ग.

बारीक टोकाच्या ब्रशने फक्त चुण्यांच्या तळाशी, शिवणीत, पट्ट्याच्या कडेला रेघ सोडा. काळा नको, राखाडी किंवा फिकट तपकिरी पुरतो. दुसरी पद्धत थोडी लांबची पण फार सुंदर निकाल देणारी: आधी ग्लॉस वार्निशचा हात, तो पूर्ण वाळल्यावर ऑइल कलर मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खोलगट जागी टेकवायचा. चकचकीत पृष्ठभागावर तो स्वतःहून फटीत धावतो. जास्त झालेला अर्ध्या-एक तासाने टर्पेंटाइनला जेमतेम स्पर्श केलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्यायचा. खालचा अॅक्रिलिक थर आणि वार्निश पक्के असतील तर त्यांना काही होत नाही. खिडकी मात्र उघडी ठेवा.

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची माणसं

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात आणि त्यांवर मावळे चढतात. मुलं हौसेने ते नव्याने रंगवायला घेतात आणि पांढरा बोटाला लागायला लागतो. कच्ची किंवा कमी भाजलेली माती पाण्याबरोबर बाइंडरही आत ओढून घेते आणि वर नुसतं रंगद्रव्य उरतं. शिवाय मातीचा तांबडा रंग नि जुना गेरू वर येऊन पांढऱ्याला गुलाबी झाक देतो.

रंगाआधी माती बंद करा. अॅक्रिलिक प्रायमर असेल तर उत्तमच. नसेल तर फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात, पूर्ण दिवस वाळू द्या. त्यावरचा पहिला रंग कमी पाण्याचा असू द्या, नाहीतर फेविकॉल पुन्हा चिकट होतो. मग फिकट राखाडी, मग हस्तिदंती, मग टोकाला पांढरा. लहान मुलांना एवढं नको वाटेल, त्यांना निदान फेविकॉल आणि एक हस्तिदंती हात एवढं करायला लावा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या आकृत्यांनाही हेच लागू.

वार्निशनंतर धुरकट झालं तर

मॅट वार्निशमध्ये चमक घालवायला सिलिकाची बारीक पूड असते, आणि ती तळाशी बसते. न हलवता लावलं तर बाटलीतलं वरचं चकचकीत बसतं नि तळाचं पांढुरकं. ओल्या हवेत स्प्रेने मारलं तर प्रायमरची जी गत तीच याची. पांढऱ्या भागावर हे धुरकटपण करडं दिसतं, आणि शेजारच्या लाल-निळ्यावर तर पीठ भुरभुरल्यागत.

लगेच सगळं खरवडायला जाऊ नका. कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या. थरातल्या ज्या पोकळ्यांमुळे प्रकाश विखुरत होता त्या भरल्या जातात आणि बहुतेक वेळा खालचे रंग परत येतात. नंतर नीट हलवलेलं मॅट, तेही ब्रशने. ग्लॉस लावूनही फरक पडला नाही तर आकृती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रंग काढावा लागेल. रेझिनची असेल तर फार वेळ बुडवून ठेवू नका, थोड्या थोड्या वेळाने काढून टूथब्रशने घासा.

कपाटातून पिवळा निघाला तर

घराच्या दारं-खिडक्यांना लावून उरलेला पांढरा ऑइल पेंट किल्ल्याच्या आकृत्यांना लावायची पद्धत जुनी आहे. चकाकतो छान, टिकतोही. पण त्यातला तेलाचा घटक अंधारात पिवळा पडतो. एका दिवाळीला डब्यात बंद केलेला मावळा पुढच्या दिवाळीला लोण्याच्या रंगाचा होऊन निघतो तो यामुळे. देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्यांवर उदबत्तीचा धूरही बसतो, तो ओल्या मऊ कापडाने पुसला जातो. तेलाचं पिवळेपण पुसून जात नाही.

त्यावर लगेच दुसरा हात मारू नका. आकृती खिडकीत उजेडाला, पण थेट उन्हात नव्हे, काही आठवडे ठेवा. अंधाराने आलेलं पिवळेपण उजेडाने बऱ्याच अंशी उतरतं. उरलेलं खुपत असेल तर बारीक वॉटर पेपरने चमक मोडा, पाण्यातल्या प्रायमरचा हात द्या आणि त्यावर अॅक्रिलिकने नव्याने करा. पुढच्या वर्षासाठी ठेवताना अॅक्रिलिक असो की ऑइल, रंग निदान आठवडाभर उघड्यावर वाळला असेल तरच आकृत्या कोऱ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, त्याची शाई पांढऱ्यावर उतरते.